तीनची मॅच कुठे लागते?

शनिवारची दुपार, पावणेतीन वाजलेत. उत्तर लंडनमधल्या फिन्सबरी पार्क स्टेशनातून लाल-पांढरे मफलर गळ्यात टाकलेली माणसं लोंढ्याने बाहेर पडतात आणि एमिरेट्स स्टेडियमची वाट धरतात. आर्सेनलची मॅच आहे, तिकीट खिशात आहे, त्यांची चिंता मिटलेली. ज्याला तिकीट मिळालं नाही तो कोपऱ्यावरच्या पबमध्ये शिरतो. आत चार टीव्ही आहेत आणि चारही चालू आहेत. एकावर घोड्यांची शर्यत, दोन टीव्हींवर आवाज बंद केलेल्या बातम्या, आणि मोठ्या पडद्यावर स्टुडिओत ओळीने बसलेले माजी खेळाडू. ते आपापल्या छोट्या पडद्यावर मॅच बघताहेत, मध्येच ओरडताहेत, डोक्याला हात लावताहेत, आणि पबमधली माणसं त्यांचे चेहरे बघून मैदानावर काय झालं असेल ते ताडताहेत. मैदान इथून चालत जाण्याच्या अंतरावर. मॅच मात्र टीव्हीवर नाही.

फुटबॉलचे नियम ज्या देशाने लिहून काढले, त्याच देशात शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात टीव्हीवर लाइव्ह फुटबॉल दाखवायला मनाई आहे. ही मनाई साठच्या दशकापासूनची. मोठ्या क्लबांच्या मॅच घरबसल्या दिसू लागल्या तर गावोगावच्या छोट्या मैदानांकडे कुणी फिरकणार नाही, हे बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी बाकीच्या क्लबांच्या गळी उतरवलं. तेव्हा घराघरात काळेपांढरे टीव्ही होते. आज प्रत्येकाच्या हातात पडदा आहे आणि नियम जागच्या जागी आहे. बाहेरून आलेल्याला तो जुनाट वाटतो. पण पूर्व लंडनमध्ये लेटन ओरिएंटसारख्या छोट्या क्लबच्या मैदानावर शनिवारी तीनला काही हजार माणसं बसलेली दिसली की बॉब लॉर्ड यांचं म्हणणं पटायला लागतं. ती माणसं तिथे आहेत, कारण त्या वेळी दुसरं काही लागलेलं नसतं.

प्रीमियर लीगच्या एका मोसमात 380 मॅच होतात. 2025च्या मोसमापासून लागू झालेल्या, एकूण 6.7 अब्ज पौंडांच्या चार वर्षांच्या करारांत स्काय आणि टीएनटी स्पोर्ट्स या दोन कंपन्यांना मोसमाला किमान 267 मॅच दाखवण्याचे हक्क मिळाले. उरलेल्या शंभरावर मॅच, म्हणजे मुख्यतः शनिवारच्या तीनच्या, ब्रिटनमध्ये लाइव्ह दिसत नाहीत. भारतात दिसतात. त्यामुळे कोल्हापूरहून लंडनला शिकायला गेलेल्या मुलावर विचित्र प्रसंग येतो. मैदानाच्या सावलीतल्या पबमध्ये तो बसलेला असतो आणि धाकटा भाऊ घरच्या पलंगावर लोळत मॅच बघत असतो. "दादा, काय गोल झाला रे! बघितलास काय?" "हितं कुठं दाखवत्यात? तीनला बंदी हाय." ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळं एक तास मागे जातात, त्यामुळे बहुधा दिवाळीच्या आगेमागे कोल्हापुरातली साडेसातची मॅच साडेआठला लागू लागते. दोन्हीकडचा फुटबॉलवेडा हा हिशेब तोंडपाठ करून ठेवतो.

लंडनमध्ये मॅच बघायला चांगला पब शोधायचा, तर पहिली पायरी म्हणजे हे वेळापत्रक. शनिवारी साडेबाराची मॅच टीएनटीवर, संध्याकाळी साडेपाचची स्कायवर, रविवारी दुपारी दोनच्या आणि साडेचारची स्कायवर, सोमवारी आणि काही शुक्रवारी रात्री आठची पुन्हा स्कायवर. चॅम्पियन्स लीगचा हिशेब आणखी वेगळा. पबला या प्रत्येकाची वर्गणी वेगळी भरावी लागते, आणि ती घरच्यासारखी नसते. जागेचं करमूल्य किती यावर पबची रक्कम ठरते आणि मोठ्या पबला वर्षाकाठी ती हजारो पौंडांत जाते. म्हणून गल्लीतल्या एखाद्या सुरेख पबात स्काय असतं पण टीएनटी नसतं. शनिवारी साडेबाराला तिथे गेलेला माणूस दारातून परत फिरतो.

पबने वर्गणी भरली आहे की नाही, हे पडद्यावरच कळतं. पबसाठीच्या स्काय प्रक्षेपणात पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बिअरच्या ग्लासाचं एक छोटं चिन्ह असतं. घरच्या प्रक्षेपणात ते नसतं. कंपनीचे तपासनीस साध्या गिऱ्हाइकासारखे येतात, एक ग्लास घेतात, आणि मॅचऐवजी तो कोपरा बघून जातात. चिन्ह नसेल, तर मालकाने घरचं कार्ड पबात लावलं आहे हे उघड होतं आणि प्रकरण कोर्टात जातं.

अशा एका प्रकरणाने युरोपचा कायदा हलवला. पोर्ट्समथमधल्या रेड, व्हाइट अँड ब्लू या पबच्या मालकीणबाई कॅरन मर्फी यांनी स्कायची वर्गणी परवडेना म्हणून ग्रीसच्या नोव्हा कंपनीचं कार्ड आणलं आणि ग्रीक समालोचनासह इंग्लंडच्या मॅच दाखवायला सुरुवात केली. प्रीमियर लीगने खटला भरला, मर्फींना शिक्षा झाली, दंड आणि खर्च मिळून सुमारे 8 हजार पौंडांचा भुर्दंड पडला. त्या हटल्या नाहीत. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेलं आणि 4 ऑक्टोबर 2011 रोजी निकाल लागला. एका युरोपीय देशातलं कार्ड दुसऱ्या देशात वापरायला मनाई करणं सेवांच्या मुक्त व्यापाराच्या विरुद्ध आहे, असं न्यायालयाने म्हटलं. त्याच निकालात आणखी एक महत्त्वाची गोष्ट होती. फुटबॉलची मॅच ही कुणाची साहित्यकृती नव्हे, त्यामुळे खेळावर स्वामित्वहक्क सांगता येत नाही. पण प्रक्षेपणाआधी वाजणारी धून, पडद्यावरची चित्रं, आकडेपट्ट्या यांच्यावर सांगता येतो. फेब्रुवारी 2012 मध्ये मर्फींची शिक्षा रद्द झाली. लीगने मग पडद्यावर आपली चित्रं आणि चिन्हं जास्त दाखवून त्याच फटीतून हक्क बजावायला सुरुवात केली. पण एका छोट्या पबच्या बाईने अब्जावधींच्या धंद्याला उत्तर द्यायला लावलं, हे ब्रिटनमधले पबवाले अजून विसरलेले नाहीत.

पब आणि फुटबॉल यांचं नातं टीव्हीपेक्षा कितीतरी जुनं आहे. 26 ऑक्टोबर 1863 रोजी लंडनमधल्या अकरा-बारा क्लबांची माणसं ग्रेट क्वीन स्ट्रीटवरच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये जमली आणि फुटबॉल असोसिएशन जन्माला आली. तोवर प्रत्येक शाळेचे, प्रत्येक क्लबचे नियम वेगळे होते. डिसेंबरपर्यंत तिथे सहा बैठका झाल्या. एबेनेझर कॉब मॉर्ली या वकिलाने नियमांचा मसुदा केला. बॉल हातात घेऊन पळावं का, प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारावी का, यावर कडाक्याचे वाद झाले. लाथेच्या बाजूने असलेला ब्लॅकहीथ क्लब रागावून बाहेर पडला. जगभर आज खेळला जाणारा खेळ त्या टेबलांवर ठरला.

चेल्सी क्लब तर पबातूनच निघाला. स्टॅमफर्ड ब्रिजचं मैदान गस मिअर्स यांनी विकत घेतलं होतं, पण त्यावर खेळायला क्लब नव्हता. 10 मार्च 1905 रोजी मैदानाच्या दारासमोरच्या रायझिंग सन या पबच्या वरच्या मजल्यावर बैठक झाली आणि क्लब काढायचं ठरलं. त्याच इमारतीतल्या पबचं नाव पुढे बुचर्स हुक झालं. मॅचच्या दिवशी त्याच्या खिडकीत बसलं की मैदानाचं फाटक दिसतं.

मराठी वाचकाला याचं नवल वाटायला नको. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही पहिलवानांची घरं, आणि तिथूनच फुटबॉलचे संघ निघाले. शाहू स्टेडियमवर कोण कुठल्या बाजूला बसणार हे पेठेवरून ठरतं. तालमीच्या कट्ट्यावर मॅचच्या आदल्या रात्री जी चर्चा रंगते, तीच लंडनमध्ये पबच्या बाकावर रंगते. एकीकडे लाल माती आणि दुधाचा पेला, दुसरीकडे लाकडी काउंटर आणि बिअर. बाकी ऊर्मी एकच. लंडनमधला चांगला फुटबॉल पब कोल्हापूरकराला चटकन ओळखू येतो, तो त्यामुळेच.

पश्चिम लंडनमधल्या ब्रेंटफर्ड क्लबचं ग्रिफिन पार्क हे जुनं मैदान एका गोष्टीसाठी सगळ्या इंग्लंडात प्रसिद्ध होतं. त्याच्या चारही कोपऱ्यांवर एकेक पब होता. वस्तीतली माणसं एका पबातून निघून मैदानात जात आणि मॅच संपली की दुसऱ्यात शिरत. 2020 साली क्लब नव्या स्टेडियममध्ये गेला, तेही करोनामुळे निरोपाला गर्दी जमू शकली नाही अशा दिवसांत. जुन्या मैदानाच्या जागी घरं आली. ग्रिफिन हा पब आजही कोपऱ्यावर आहे, शेजारी मैदान नाही.

याहून हेलावणारी गोष्ट पूर्वेकडच्या अप्टन पार्कची. वेस्ट हॅम क्लब तिथे 1904 ते 2016, एकशेबारा वर्षं खेळला. ग्रीन स्ट्रीट आणि बार्किंग रोड जिथे मिळतात तिथे बोलिन टॅव्हर्न हा भव्य व्हिक्टोरियन धाटणीचा पब उभा आहे, आणि समोर 1966चा विश्वचषक जिंकलेल्या बॉबी मूर, जेफ हर्स्ट, मार्टिन पीटर्स आणि रे विल्सन यांचं शिल्प. पहिले तिघे वेस्ट हॅमचे. त्याच ग्रीन स्ट्रीटवर मागे वळलं की साड्यांची दुकानं सुरू होतात. खिडक्यांत शालू, लेहंगे, सोन्याच्या बांगड्या, फुटपाथवर भेंडी, कारली, कढीपत्ता. भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी कुटुंबांचा लग्नाचा बस्ता इथे बांधला जातो. शनिवारी दोन गर्द्या या एकाच रस्त्यावरून जात: एक मैदानाकडे, दुसरी बाजाराला. 10 मे 2016 रोजी मँचेस्टर युनायटेडला 3-2 हरवून वेस्ट हॅमने इथली शेवटची मॅच जिंकली आणि क्लब स्ट्रॅटफर्डच्या ऑलिंपिक स्टेडियमवर गेला. बोलिन टॅव्हर्नची शनिवारची गर्दी एका झटक्यात नाहीशी झाली. पुढे नव्या चालकांनी त्याची नीट डागडुजी केली, नक्षीच्या काचा आणि लाकडी पडद्या पुन्हा उभ्या राहिल्या, आणि 2021 मध्ये पब उघडला. मोठं स्टेडियम बांधणाऱ्यांच्या नकाशात असा पब नसतो. नव्या मैदानाभोवती खरेदीचे मॉल आहेत आणि साखळी हॉटेलं आहेत. तिथे बसून मॅच बघता येते, पण शेजारी बसलेल्याचा बाप आणि आजा कुठे बसायचे हे तिथे कुणाला माहीत नसतं.

मैदानाजवळच्या पबात मॅचच्या दिवशी जायचं तर थोडी माहिती लागते. दारावर 'फक्त यजमान संघाचे पाठीराखे' अशी पाटी असते. बाउन्सर कधी तिकीट बघतो, कधी मफलरचा रंग. पाहुण्या संघाच्या लोकांसाठी ठरलेले पब असतात. फुलहॅमच्या मॅचला ते पटनी ब्रिज स्टेशनाजवळच्या एट बेल्समध्ये जमतात. त्या दिवशी काचेचा ग्लास मिळत नाही, बिअर प्लास्टिकमधून येते. आत गेलेल्यांपैकी बरेच जण मॅच सुरू होण्याच्या दहा मिनिटं आधीपर्यंत हलत नाहीत. त्यामागे कायदा आहे. 1985 पासून इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या मैदानात, जिथून खेळ दिसतो अशा जागी दारू पिता येत नाही. क्रिकेटला चालतं, रग्बीला चालतं, फुटबॉलला नाही.

आणि 15 एप्रिल 1989 नंतर बरंच काही बदललं. शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे 97 पाठीराखे गेले. त्या दुर्घटनेच्या चौकशीच्या, जानेवारी 1990च्या टेलर अहवालानंतर मोठ्या मैदानांतल्या उभ्याच्या जागा गेल्या, खुर्च्या आल्या, मैदानं सुरक्षित झाली. त्याबरोबर तिकिटंही महागत गेली. 1992 मध्ये प्रीमियर लीग आणि स्काय एकत्र आले आणि ज्याला मैदान परवडेना तो पबात आला. मैदानातला उभ्याचा कठडा आज खऱ्या अर्थाने पबमध्ये उरला आहे. तिथे अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून उभं राहता येतं, गाता येतं, गोल झाला की मिठी मारता येते.

मॅच बघायला पब निवडताना नवखा माणूस पडद्याची लांबीरुंदी बघतो. जाणते लोक आधी आवाज विचारतात. समालोचन चालू असतं का, की वर कसलं तरी संगीत लावलेलं असतं? मग उजेड. दुपारच्या मॅचला खिडकीतून ऊन थेट पडद्यावर येत असेल तर बॉल दिसत नाही. मग खांब. जुन्या पबांना खांब फार. मग काउंटर कुठे आहे. पबात वेटर टेबलापाशी येत नाही, काउंटरवर जाऊन आपलं आपण आणायचं असतं. मध्यंतराची पंधरा मिनिटं आणि शंभर माणसं एकाच काउंटरवर, तेव्हा पडदा काउंटरवरूनही दिसायला हवा. न पिणाऱ्याने संकोच करायचं कारण नाही. सोडा-लिंबू मागितलं तर कुणी वळूनही बघत नाही, फक्त बरोबरच्यांसाठी आळीपाळीने 'राउंड' आणण्याच्या रिवाजात आपली पाळी चुकवायची नाही.

आणि सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे सेकंद. डिशवरून येणारं चित्र आधी पोचतं, इंटरनेटवरून येणारं मागाहून. फरक कधी कधी अर्ध्या मिनिटाचा पडतो. पेनल्टी मिळाली आहे. खेळाडूने बॉल ठेवला, चार पावलं मागे गेला. सगळा पब श्वास रोखून उभा आहे. कुणाचा तरी ग्लास ओठांशी थांबला आहे. आणि रस्त्यापलीकडच्या पबातून दणदणीत आरोळी येते. इकडे खेळाडू अजून पळायला लागलेला नाही. पन्नास माणसांना आता माहीत आहे की गोल झाला, आणि तरी तो झालेला त्यांना अजून बघायचा आहे. ज्या पबात हे एकदा झालं तिथे जाणकार माणूस महत्त्वाच्या मॅचला पुन्हा जात नाही.

आर्सेनलच्याच भागात, स्ट्राउड ग्रीनच्या शांत गल्लीत, फॉल्टरिंग फुलबॅक नावाचा आयरिश पब आहे. बाहेरून तो वेलींनी इतका झाकलेला असतो की पाटी शोधावी लागते. पुढच्या भागात अंधारी, लाकडी बैठक, भिंतींवर आणि छताला खेळांच्या वस्तू टांगलेल्या. आतल्या बाजूला मोठ्या पडद्याची खोली. आणि मागे लाकडी जिने चढत जाणारी मजल्यामजल्यांची बाग. खायला थाई. ज्याला मॅचमध्ये रस नाही अशा मित्राला किंवा बायकोला बागेत बसवून आत मॅच बघता येते आणि कुणाचीच दुपार वाया जात नाही. रग्बीचे लोक, आयर्लंडचे लोक, आर्सेनलचे लोक, सगळे तिथे सामावतात.

वेस्ट केन्सिंग्टन स्टेशनासमोरचा फेमस थ्री किंग्ज हा वेगळ्या कामाचा. एकाच वेळी निरनिराळ्या पडद्यांवर निरनिराळ्या मॅच लावण्यात त्याचा हात कुणी धरत नाही. इटलीची लीग, स्पेनची, जर्मनीची, शिवाय रग्बी आणि अमेरिकन फुटबॉल. घरापासून दूर आलेला माणूस आपल्या संघाचं नाव घेऊन आत शिरतो आणि कुठल्या कोपऱ्यात बसायचं ते त्याला सांगितलं जातं. हाच पब सत्तरच्या दशकात नॅशव्हिल रूम्स म्हणून ओळखला जाई. 1976 मध्ये सेक्स पिस्टल्स हा पंक बँड इथे वाजवून गेला.

सोहोमधल्या फ्रिथ स्ट्रीटवर मॅच बघण्याची लंडनमधली सगळ्यात जिव्हाळ्याची जागा आहे, आणि ती पब नाही. बार इटालिया हे 1949 पासून पोलेद्री कुटुंबाचं कॉफीचं दुकान. आत अरुंद लांबट जागा, काउंटरमागे बॉक्सर रॉकी मार्सियानोचं मोठं पोस्टर, कॉफी यंत्राची वाफ, आणि पार टोकाला टीव्ही. इटलीची मॅच असली की गर्दी आत मावत नाही, रस्त्यावर उतरते. 9 जुलै 2006 रोजी बर्लिनमध्ये इटलीने पेनल्टींवर फ्रान्सला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा हा रस्ता इटलीचाच होता. आणि वर बघितलं तर भिंतीवर एक पाटी दिसते. याच इमारतीच्या वरच्या खोलीत 26 जानेवारी 1926 रोजी जॉन लोगी बेअर्ड यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सदस्यांना दूरचित्रवाणी पहिल्यांदा करून दाखवली होती. तीस रेघांचं थरथरतं चित्र, त्यात बाहुल्याचं डोकं. जगातला पहिला टीव्ही जिथे लागला, त्याच्या खालच्या मजल्यावर माणसं शतकभरानंतरही मान उंचावून टीव्ही बघताहेत.

थेम्सच्या दक्षिणेला साउथ लॅम्बेथ रोडवर पोर्तुगीजांची वस्ती आहे. तिथल्या कॅफेंत बेनफिका आणि स्पोर्टिंगच्या मॅच लागतात, आणि विश्वचषकात पोर्तुगाल जिंकलं की वाहतूक थांबते. या लाल-हिरव्या गर्दीशी गोव्याचं नातं आहे. 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं, आणि तो पासपोर्ट घेऊन हजारो गोवेकर ब्रिटनमध्ये आले: स्विंडनला, साउथॉलला, वेम्बलीला. बाणावली-कोलव्याच्या वाळूत खेळून मोठी झालेली ही माणसं. त्यांना फुटबॉल कुणी शिकवावा लागला नाही.

वेम्बलीचा उल्लेख निघाला की लंडनच्या मराठी माणसाला डॉलिस हिल आठवतं. 1932 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू तिथे आहे, आणि ज्युबिली लाइनवर तिथून वेम्बली पार्क दोन स्टेशनांवर. मंडळाच्या कार्यक्रमाला रेशमी साडी नेसून निघालेल्या आजी आणि कप फायनलला निघालेले, चेहरा रंगवलेले पाठीराखे एकाच डब्यात उभे असतात.

पण हे एका डब्यात उभं राहणं सहज मिळालेलं नाही. साठच्या दशकात कितीतरी पबांची दारं काळ्या-तपकिरी माणसांना बंद होती. कुठे सरळ पाटी, कुठे 'बारमध्ये बसा, लाउंजमध्ये नको'. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिक गावात इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जौहल आणि त्यांचे साथी अशा पबांत मुद्दाम जात, दारू मागत, नकार नोंदवत. फेब्रुवारी 1965 मध्ये अमेरिकेहून आलेले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांना ते ब्लू गेट्स पबमध्ये घेऊन गेले, आणि तिथे त्यांनाही गोऱ्यांसाठी राखलेल्या खोलीत दारू नाकारली गेली. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये माल्कम एक्स यांची हत्या झाली. त्याच वर्षीच्या वंशसंबंध कायद्याने सार्वजनिक जागी असा भेदभाव बेकायदा ठरवला.

नकार मिळालेल्यांनी पुढे पबच चालवायला घेतले. आज त्यांना देसी पब म्हणतात. मिडलंड्समध्ये ते सगळ्यात जास्त, लंडनमध्ये साउथॉलपासून बरोपर्यंत. साउथॉलचा, आता बंद झालेला, ग्लासी जंक्शन तर काउंटरवर भारतीय रुपये घेई. देसी पबात मॅच बघण्याची मजा मध्यंतरात कळते. तापलेल्या लोखंडी ताटलीत तंदुरी चिकन, सीख कबाब आणि मटणाच्या चापा कांद्यावर चरचरत येतात, धूर पडद्यापर्यंत जातो. शेजारच्या टेबलावर पगडीवाले आजोबा आणि टक्कल केलेला गोरा प्लंबर एकाच रेफ्रीला शिव्या घालत असतात. ज्या माणसाला पबच्या दारातून परत पाठवलं, त्याच्या नातवाच्या पबात आज सगळ्या गल्लीला जागा आहे. लंडनमधल्या फुटबॉलच्या जागांमध्ये याच्याइतकी कमावलेली जागा दुसरी नाही.

तरीही रंगाचा प्रश्न संपला असं म्हणवत नाही. 11 जुलै 2021 रोजी वेम्बलीत युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इटलीकडून इंग्लंड पेनल्टींवर हरलं. रॅशफर्ड, सांचो आणि साका या तीन कृष्णवर्णीय तरुणांच्या पेनल्टी हुकल्या होत्या, आणि रात्रभर त्यांच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा मारा झाला. पबात एकटा बसलेला तपकिरी माणूस अशा रात्री दाराकडे बघून ठेवतो. म्हणूनच नव्याने आलेल्याला जाणते लोक एक साधी गोष्ट सांगतात: मोठ्या मॅचआधी एखाद्या साध्या मंगळवारी पबात जाऊन ये. काउंटरवरची माणसं कशी बोलतात, बायका एकट्या बसलेल्या दिसतात का, हे बघून ठेव.

बायकांचा मुद्दा गेल्या काही वर्षांत ठळक झाला. 31 जुलै 2022 रोजी वेम्बलीत 87,192 प्रेक्षकांसमोर इंग्लंडच्या मुलींनी जर्मनीला हरवून युरो जिंकली. पुढच्या वर्षी 20 ऑगस्टला विश्वचषकाचा अंतिम सामना रविवारी सकाळी अकराला आला. अनेक पबांच्या परवान्याच्या वेळा आड येत होत्या, आणि सरकारला स्थानिक नगरपालिकांना विनंती करावी लागली की पबांना लवकर दार उघडू द्या. 2002 मध्ये असंच पुरुषांच्या स्पर्धेसाठी झालं होतं. इंग्लंड-ब्राझील मॅच शुक्रवारी सकाळी साडेसातला होती, पब पहाटे उघडले, आणि ब्राझीलच्या रोनाल्डिन्होची फ्री किक इंग्लंडचा गोलरक्षक सीमनच्या डोक्यावरून जाळीत गेल्यावर माणसं तशीच कामावर गेली.

इंग्लंडच्या मॅच बीबीसी किंवा आयटीव्हीवर दिसतात. विश्वचषक आणि युरो स्पर्धा कायद्यानेच सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या आहेत. त्या दिवसांत वर्गणी न परवडणाऱ्या गल्लीतल्या पबचंही भाग्य उजळतं. मोठे पब मात्र आता टेबलं आगाऊ विकतात, माणशी ठरावीक रक्कम खर्च करायची अट घालतात. बाकावर रोज बसणाऱ्या म्हाताऱ्याला त्या दिवशी जागा नसते. धंदा म्हणून ते समजू शकतं, पण वाईट वाटतं.

कारण पब कमी होत चालले आहेत. महापौरांच्या कार्यालयाच्या पाहणीनुसार 2001 मध्ये लंडनमध्ये 4,835 पब होते, 2016 मध्ये 3,615 उरले. पंधरा वर्षांत चारातला एक गेला. जागेचे भाव चढले, भाडं आणि कर चढले, पब पाडून फ्लॅट बांधणं जास्त फायद्याचं झालं. टॉटनहॅममधला अँटवर्प आर्म्स असाच जायचा होता. वस्तीतल्या लोकांनी भागभांडवल गोळा केलं आणि 2015 पासून पब लोकांच्या मालकीचा झाला. आज टॉटनहॅमच्या मॅचआधी तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि एरवी शेजारीपाजारी जेवायला येतात.

फिन्सबरी पार्कच्या पबात आता पाच वाजून गेलेत. स्टुडिओतले माजी खेळाडू उठून उभे राहिले आहेत. बाहेर मैदानातून परतणारी पहिली माणसं दिसू लागतात. त्यांच्या चालीवरूनच निकाल कळतो. दार उघडतं, थंड हवा आत येते, मफलर सोडत कुणीतरी काउंटरशी सांगू लागतो की दुसरा गोल कसा झाला, हाताने, ग्लासाने, मीठदाणीने. तिकीट न मिळालेली माणसं त्याच्याभोवती जमतात आणि मीठदाणी कुठून कुठे सरकते ते मन लावून बघतात. सव्वापाच होतात. काउंटरमागची बाई रिमोट उचलते, घोड्यांची शर्यत जाते, हिरवं मैदान येतं. साडेपाचची मॅच. खालच्या कोपऱ्यात ग्लासाचं छोटं चिन्ह. ती आवाज वाढवते.